टायमिंग बेल्ट पुन्हा पुन्हा चुकीचा येतो? गाडीचं नाव सोडा, इंजिन नंबर धरा

तक्रार नेहमीची आहे. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवून ठेवणारा दातेरी पट्टा, बदलला, सहा महिन्यांत पुढच्या कव्हरमधून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. किंवा पंधरा हजार किलोमीटरमध्येच बेल्टची एक कड पिंजली. किंवा बेल्ट बसला, पण टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी चाकी) शेवटपर्यंत ताणूनही बेल्ट ढिलाच. मिस्त्री म्हणतो माल खराब, दुकानदार म्हणतो फिटिंग खराब. पुष्कळदा दोघांचंही म्हणणं बरोबर नसतं. माल चांगला असतो, फिटिंगही ठीक असतं, फक्त तो बेल्ट त्या इंजिनाचा नसतो. शेजारच्या, दिसायला तसल्याच इंजिनाचा असतो.

घोटाळा सुरू होतो तो काउंटरवर. "आय-टेनचा बेल्ट द्या", "सिटी दीड लिटरचा द्या" असं मागितलं जातं आणि दुकानदार गाडीच्या नावावरून डबा काढून देतो. पण गाडीचं नाव हे बोनेटवरचं नाव आहे. त्याखाली कुठलं इंजिन आहे हे त्यावरून ठरत नाही. सीसीवरूनही ठरत नाही.

आधी बेल्ट आहे का ते बघा

हे हास्यास्पद वाटेल, पण अर्धे फेरे इथेच वाचतात. एकाच नावाच्या गाडीत एका इंजिनाला बेल्ट आणि दुसऱ्याला साखळी असते.

ह्युंदाई आय-टेनचं १.१ लिटर, म्हणजे १०८६ सीसीचं एप्सिलॉन इंजिन बेल्टवर चालतं. त्याच आय-टेनचं १.२ कप्पा साखळीवर. ईऑनमध्येही तेच: ८१४ सीसीला बेल्ट, १.० लिटर कप्पाला साखळी. मारुतीत अल्टो ८०० चं एफ८डी बेल्टवर, अल्टो के१० चं के१०बी साखळीवर. वॅगनआर आणि झेन एस्टिलो या दोन्ही गाड्यांत आधी १०६१ सीसीचं एफ१०डी होतं, त्याला बेल्ट. नंतर ९९८ सीसीचं के१०बी आलं, त्याला साखळी. टाटा इंडिका व्हिस्टाच्या १.४ टीडीआयला बेल्ट आहे, १.३ क्वाड्राजेटला साखळी. हे १.३ मूळ फियाटचं, तेच स्विफ्ट डीडीआयएसमध्ये आणि पुंटो मल्टिजेटमध्येही. स्विफ्ट डिझेलचा टायमिंग बेल्ट शोधत बाजार पालथा घालणाऱ्यांनी एवढं वाचून थांबायला हरकत नाही.

होंडा सिटीमध्ये तर "१.५" हा आकडाच फसवतो. १९९८ ला आलेल्या पहिल्या सिटीचं डी-मालिकेतलं १.५ बेल्टवर चालायचं. २००३ नंतरच्या सिटीचं एल-मालिकेतलं १.५ साखळीवर. फोक्सवॅगनच्या १.२ टीएसआयची तीच गत. ईए१११ पिढीला साखळी, ईए२११ पिढीला बेल्ट, आणि मागच्या दारावरचा बिल्ला दोन्हीकडे तोच.

आरसीवरचा इंजिन नंबर वाचायला शिका

चासी नंबर सगळे बघतात, इंजिन नंबर फक्त इन्शुरन्सवाला बघतो. बेल्टसाठी मात्र इंजिन नंबरची सुरुवातीची अक्षरं कामाची. मारुतीत नंबर एफ८डी, के१०बी अशा अक्षरांनीच सुरू होतो. ह्युंदाईत जी४एचजी असेल तर १.१ एप्सिलॉन, जी४एलए असेल तर १.२ कप्पा. रेनॉच्या इंजिनावर पाटी असते. तीवर आधी तीन खुणांचा प्रकार (के९के, के४एम, के७एम) आणि पुढे तीन आकडी उपप्रकार. मागताना दोन्ही सांगा. "डस्टर डिझेल" एवढं पुरत नाही.

इंजिन बदललेल्या गाड्याही रस्त्यावर आहेत. आरसीवर नोंद झालेली असेलच असं नाही. म्हणून नंबर कागदावरून घेतलात तरी एकदा टॉर्च मारून ब्लॉकवरचा (इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावरचा) कोरलेला नंबर वाचा. तेल-धुळीचा थर असतो, डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसलं की अक्षरं वर येतात. मोबाइलने फोटो काढून तोच काउंटरवर दाखवला तर ऐकण्यातली चूकही टळते. "के नाइन के" आणि "के फोर एम" फोनवर बोलताना फार जवळचे वाटतात.

आणि ते जवळचे नाहीतच. के९के हे १.५ लिटर डीसीआय डिझेल. लोगन, व्हेरिटो, डस्टर, टेरानो, सनी आणि मायक्रा डिझेल अशा बऱ्याच गाड्यांत हेच आहे. त्याचा सर्वसाधारण मिळणारा बेल्ट १२३ दातांचा, २७ मिमी रुंद. के४एम हे १.६ लिटर, १६ व्हॉल्व्हचं पेट्रोल. त्याचा १३२ दातांचा, रुंदी सत्तावीस आणि थोडी. हातात धरले तर दोन्ही सारखेच जाड, सारखेच रुंद, सारखेच काळे. फरक ९ दातांचा, म्हणजे लांबीत सात सेंटिमीटरहून जास्त. हा फरक निदान बसवताना कळतो. जो एक-दोन दातांचा असतो, तो बसवताना कळत नाही. तो रस्त्यावर कळतो.

एका दाताचा फरक येतो कुठून?

हे समजलं की "जवळपास बसला" या शब्दांची भीती वाटायला लागेल.

बेल्ट क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या शाफ्टच्या) पुलीवरून कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टच्या) पुलीवर जातो आणि परत येतो. त्याची लांबी मुख्यतः या दोन शाफ्टमधल्या अंतरावर ठरते. आता कंपनी त्याच ब्लॉकमधून जास्त सीसी काढते तेव्हा पिस्टनचा स्ट्रोक (वर-खाली जाण्याचं अंतर) वाढवते, आणि त्यासाठी ब्लॉक थोडा उंच करते. होंडाच्या डी-मालिकेत १.५ च्या ब्लॉकची उंची साधारण २०७ मिमी, १.६ ची साधारण २१२. फरक ५ मिमी. पण बेल्टच्या दोन बाजू आहेत, एक चढणारी आणि एक उतरणारी, म्हणून रस्ता १० मिमीने वाढतो. बेल्टच्या दोन दातांमधलं अंतर, म्हणजे पिच, ९.५२५ मिमी धरलं तर हा जवळजवळ एका दाताचा हिशोब झाला. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही इंजिनं जुळी वाटतात. हेड (ब्लॉकवरचा व्हॉल्व्ह-कॅमचा भाग) तसंच, कव्हर तसंच, माउंटिंगही तसंच.

म्हणूनच एका इंजिनाचं हेड दुसऱ्या ब्लॉकवर चढवणाऱ्यांना तर कुठल्याच गाडीच्या यादीतला बेल्ट आपोआप लागू होत नाही. त्यांना मोजमाप करूनच घ्यावा लागतो. उलट हेड फेस मारल्यामुळे (घासल्यामुळे) जी दोन-तीन दशांश मिलिमीटर उंची कमी होते, तिच्यासाठी बेल्ट बदलावा लागत नाही. तेवढं टेन्शनर सांभाळतो.

मारुती ८०० चं उदाहरणही ध्यानात ठेवा. जुनं एफ८बी ६ व्हॉल्व्हचं, पुढचं एफ८डी १२ व्हॉल्व्हचं, आणि सीसी दोन्हीकडे ७९६. हेड वेगळं म्हणजे कॅमची जागा वेगळी. तेव्हा "८०० चा बेल्ट" असं मागितलं तर दुकानदाराने उलट प्रश्न विचारायलाच हवा. न विचारता डबा पुढे केला तर तुम्ही विचारा.

जुना बेल्ट बघा, पण त्याच्यावर विश्वास ठेवू नका

नमुना म्हणून जुना बेल्ट घेऊन जाणं चांगलं. पण मागच्या वेळी कुणी चुकीचा बसवला असेल, तर त्याच मापाचा नवा आणून तुम्ही तीच चूक नव्याने बसवाल. वारंवार बेल्ट जाणाऱ्या गाड्यांत हे सर्रास आढळतं: तिसऱ्यांदा बदललेला बेल्टही त्याच चुकीच्या नंबराचा. त्यामुळे जुना बेल्ट ही साक्ष आहे, निकाल नव्हे. इंजिन नंबरवरून निघालेला बेल्ट आणि जुना बेल्ट जुळले तर पुढे जा. नाही जुळले तर थांबून शोध घ्या.

बेल्टच्या पाठीवर छापलेलं असेल तर निम्मं काम तिथेच होतं. आयएसओ ९०१० च्या पद्धतीने लिहिलेल्या कोडमध्ये आधी दातांची संख्या, मग दोन अक्षरं, मग मिलिमीटरमध्ये रुंदी असते. पहिलं अक्षर झेड असेल तर पिच ९.५२५ मिमी, वाय असेल तर ८ मिमी. दुसरं अक्षर दाताचा आकार सांगतं. झेडए आणि झेडबी म्हणजे चौकोनी उताराचे दात, एच, आर आणि एस म्हणजे वळणदार. जपानी-कोरियन कंपन्या स्वतःची अक्षरं वापरतात, पण क्रम बहुधा हाच असतो: दात, अक्षरं, रुंदी. कंपनीचा स्वतःचा पार्ट नंबर मात्र वेगळा. त्यातून दात-रुंदी काढायचा प्रयत्न करू नका, तो नुसता यादीतला नंबर असतो.

छापील पुसलं गेलं असेल तर चारही गोष्टी हाताने मोजा.

दात मोजताना एका दातावर पांढऱ्या मार्करने खूण करा आणि दर दहा दातांना एक रेघ ओढत जा. नुसतं बोटाने मोजायला गेलात तर शंभराच्या पुढे एक-दोन दात हमखास चुकतात, आणि इथे तर भांडण एका दाताचंच आहे. दोनदा मोजा. दोन्ही वेळा आकडा वेगळा आला तर तिसऱ्यांदा दुसऱ्या माणसाला मोजायला द्या.

पिचसाठी बेल्टचा तुकडा सपाट टेबलावर धरून पहिल्या दाताच्या मध्यापासून अकराव्या दाताच्या मध्यापर्यंत मोजा. ८० मिमी भरलं तर पिच ८, सव्वापंचाण्णव भरलं तर ९.५२५. एकाच दातावर माप घेऊन हा फरक नीट कळत नाही, दहावर घेतलं की साध्या फूटपट्टीनेही कळतो. बेल्ट कापून मोजायची वेळ आली तर जुनाच कापा, हे सांगायला लागू नये, तरी सांगून ठेवलेलं बरं.

रुंदी व्हर्नियरने तीन ठिकाणी घ्या, कारण जुन्या बेल्टची कड झिजून एखादा मिलिमीटर गेलेला असतो. शंका आली तर बेल्टऐवजी पुलीच्या दातांची रुंदी मोजा, ती झिजत नाही. इथे एक सवलत आहे. काही कंपन्या २५ लिहितात, काही २५.४. तो एक इंचाचाच बेल्ट, त्यावरून वाद नको. पण २५ च्या जागी २२ चा, किंवा उलट, चालत नाही. अरुंद बेल्ट पुलीवर इकडेतिकडे सरकतो आणि तेवढाच भार आतल्या कमी दोऱ्यांवर येतो. रुंद बेल्ट पुलीच्या कडेच्या चकतीवर नाहीतर कव्हरवर घासतो, आणि पिंजलेली कड हा त्याचा पुरावा असतो.

दाताचा आकार शेवटी, पण चुकतो सगळ्यात जास्त तोच. संख्या जुळली, रुंदी जुळली की माणूस निश्चिंत होतो. नवा बेल्ट क्रँकच्या पुलीवर नुसता हाताने अर्धा वेढा देऊन दाबा. दात खाचेत तळापर्यंत बसायला हवा आणि बेल्ट मागेपुढे हलवला तर खडखड व्हायला नको. चौकोनी दात गोल खाचेत टेकतो फक्त दोन रेघांवर. चालू इंजिनात तिथूनच दाताच्या मुळाशी चीर पडते. पिचच वेगळी असेल तर पाच-सहा दातांतच बेल्ट खाचेवर चढलेला दिसेल, कारण दर दाताला दीड मिलिमीटर साठत जातो.

ओला आणि कोरडा

हा नवा घोळ आहे. काही इंजिनांत बेल्ट इंजिन ऑइलमध्येच फिरतो. फोर्ड इकोस्पोर्टची तीन पेट्रोल इंजिनं घ्या: सुरुवातीचं चार सिलिंडरचं १.५ (११२ पीएस) कोरड्या बेल्टचं, १.० इकोबूस्ट तेलातल्या बेल्टचं, आणि २०१७ च्या फेसलिफ्टनंतरचं तीन सिलिंडरचं १.५ ड्रॅगन (१२३ पीएस) हेही तेलातल्या बेल्टचं. पहिल्या आणि शेवटच्या दोन्हीवर "१.५ पेट्रोल" लिहिलेलं. एकाला बाहेर प्लास्टिकचं कव्हर, दुसऱ्याला ऑइल सील लावलेलं बंद कव्हर.

कोरड्याचं रबर तेलात फुगतं, मऊ पडतं आणि दात सुटतात. सुटलेले तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात, मग ऑइल प्रेशरचा दिवा लागतो आणि मेकॅनिक ऑइल पंप शोधत बसतो. तेलातल्या बेल्टच्या इंजिनात ऑइलही बेल्टइतकंच ठरलेलं लागतं. १.० इकोबूस्टसाठी फोर्डचं ५डब्ल्यू-२०, डब्ल्यूएसएस-एम२सी९४८-बी हे प्रमाण आहे. बादलीतलं सुटं ऑइल ओतलं तर योग्य बेल्टसुद्धा अकाली जातो, आणि दोष पुन्हा बेल्टवर येतो.

कोरड्या बेल्टच्या इंजिनातही कॅम किंवा क्रँकचं सील गळत असेल तर नवा बेल्ट लावू नका. आधी सील बदला. कव्हरच्या आत तेलाची ओल दिसली की तिथेच थांबायचं.

किट घ्यायचा की नुसता बेल्ट?

किट. वाद नाही. पण एकाच इंजिनाचा किट. बेल्ट एका कंपनीचा, टेन्शनर "तसलाच" दुसऱ्या इंजिनाचा, असं केलं की दातांचा आकडा बरोबर असूनही ताण चुकतो. टेन्शनरची चाकी दोन-तीन मिलिमीटरने मोठी-छोटी असली तरी बेल्टचा रस्ता बदलतो. कंपन्या मधूनच टेन्शनरची रचना बदलतात, आणि तेव्हा बेल्ट तोच राहून किटचा नंबर बदलतो. म्हणून उत्पादनाचा महिना आणि वर्ष आरसीवरून सांगा.

वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल (के९के आणि फोक्सवॅगनच्या टीडीआय डिझेलमध्ये चालतो), तर तो याच वेळी बदला. पंपाचं बेअरिंग बसलं की बेल्ट तिरका पळायला लागतो आणि एकच कड खातो. के९केमध्ये उच्च दाबाचा डिझेल पंपही याच बेल्टवर आहे. तिथे बेल्टवर भार जास्त, त्यामुळे स्वस्ताचा पर्याय तिथे तर नकोच.

बसवल्यावर कळणाऱ्या चुका

पुल्यांवरचे टायमिंगचे मार्क जुळवले, टेन्शनर सोडला, आता क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने घड्याळाच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवा. (काही जुनी होंडा इंजिनं उलटी फिरतात, तिथे दिशा मॅन्युअलप्रमाणे.) स्टार्टर मारू नका. कुठेही कडक अडलं तर जोर लावू नका. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलेला असू शकतो, आणि आजच्या बहुतेक इंजिनांत टायमिंग चुकलं की व्हॉल्व्ह वाकतात.

दोन फेऱ्यांनंतर पुल्यांचे मार्क पुन्हा जुळायला हवेत. बेल्टवर छापलेल्या रेघा मात्र जुळणार नाहीत, आणि त्यावरून घाबरून बेल्ट पुन्हा उतरवणारे बरेच आहेत. क्रँकच्या पुलीला २० दात असतील तर दोन फेऱ्यांत बेल्ट ४० दात पुढे जातो. १२३ दातांच्या बेल्टच्या रेघा पुन्हा जागेवर यायला क्रँकचे २४६ फेरे लागतात. रेघा फक्त पहिल्यांदा चढवताना.

पुलीचा मार्क एका दाताने हलला तर किती बिघडतं? २० दातांच्या पुलीवर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. गाडी सुरू होते, पण ओढत नाही, आयडलला थरथरते, आणि स्कॅनरवर पी००१६, म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ नाही, असा कोड येतो. हा कोड आला की सेन्सर बदलण्याआधी कव्हर उघडा.

मार्क जुळले, तरी टेन्शनरचा काटा (ताण बरोबर आहे का ते दाखवणारी खूण) बघायचा राहिला. चुकीच्या दातसंख्येचं खरं पितळ इथे उघडं पडतं. एक दात जास्त असेल तर काटा त्याच्या ठरलेल्या जागेच्या (खिडकीच्या) एका टोकाला जातो आणि समायोजन संपतं. एक दात कमी असेल तर बेल्ट चढवायलाच स्क्रू ड्रायव्हरची तरफ करावी लागते. तरफ केली की आतल्या काचेच्या दोऱ्या मोडतात, बाहेरून काही दिसत नाही. बेल्ट बोटांनी चढायला हवा. चढत नसेल तर आधी माप तपासा, मग टेन्शनर पूर्ण मागे घेतला आहे का ते.

काटा बरोबर मध्ये नसेल तर "थोडं चालवून बसेल" असं म्हणून कव्हर लावू नका. बेल्ट बसत नाही, झिजतो.

आधीच गेलेल्या बेल्टवरून कारण ओळखणं

एकच कड पिंजलेली: पुली किंवा बेअरिंग तिरकं, नाहीतर रुंदी चुकीची. दातांमधल्या खोलगट भागातलं कापड घासून चकचकीत: ताण जास्त, बहुधा बेल्ट आखूड. वेग वाढला की वाढत जाणारा बारीक सूर हीसुद्धा तीच खूण. थंड इंजिन सुरू करताना कव्हरला फटके बसल्यासारखा आवाज: बेल्ट लांब किंवा टेन्शनर संपलेला. चार-पाच दात एकाच जागी उडालेले, बाकी बेल्ट ठणठणीत: काहीतरी क्षणभर जाम झालं होतं, पंप किंवा कॅम. तो शोधल्याशिवाय नवा लावलात तर तोही तिथेच जाणार. सगळ्या दातांच्या मुळाशी सारख्या चिरा: एक तर बेल्टचं वय झालं, नाहीतर दाताचा आकार पुलीशी जुळत नाही. किलोमीटर कमी असतील तर दुसरंच.

काम झालं की कव्हरच्या आतल्या बाजूला किंवा रेडिएटरच्या पट्टीवर कायमच्या मार्करने तारीख, किलोमीटर, इंजिन कोड आणि दात-रुंदी लिहून ठेवा. पुढचा बेल्ट आणायला जो जाईल, तो गाडीचं नाव घेऊन जाणार नाही.